चकचकचा प्रोसेसर

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे : पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे, बांधा किरकोळ, चेहरा लक्षात न राहणारा. व्यवसाय : चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. ओळखीची खूण : उजव्या खिशात एक मऊ कापड, डाव्या खिशात त्याहून मऊ कापड. कौटुंबिक स्थिती : पत्नी एक, मुलगी एक, मेव्हणा एक, परंतु चौघांच्या बरोबरीचा. पूर्वेतिहास : निष्कलंक, आणि हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. सदर इसमाने आजवर हाताखालून गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर कोणताही डाग राहू दिलेला नाही.

गल्लीत त्याला चकचक म्हणतात, आणि त्याला ते माहीत आहे. बोलता बोलता तो समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतो, पुसतो, पुन्हा कानांवर चढवतो आणि वाक्य सोडलं होतं तिथून पुढे नेतो. दुसऱ्याच्या नाकाला असा बिनदिक्कत हात लावायची मुभा जगात थोड्यांनाच आहे, आणि त्यातले बहुतेक दाढी करून पोट भरतात. माणसांबद्दलची त्याची मतंही चष्म्यावरूनच ठरतात. चष्मा वाकडा, तर माणूस बेभरवशाचा. काचेवर बोटांचे ठसे, तर त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं, मानायचं नाही. या कसोटीवर तो आजवर फसलेला नाही, असं तो सांगतो. फसलेला कोणीच आपण फसलो असं सांगत नाही.

घर म्हणजे पुढे दुकान, त्यात घासायचं चाक आणि एक लांब बाक, मागे दोन खोल्या. मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात. ती घरी असताना कमी बोलायची. दूर गेल्यावर तिने त्यातही काटकसर केली. दर आठवड्याला फोन यायचा. "हो. नाही. जेवले. बरं आहे. ठेवते." चकचक फोनच्या आधी मनात प्रश्न जुळवून ठेवायचा, पण ते दोन-तीन शब्दांतच निकाली निघायचे. फोन ठेवल्यावर तो मोबाइलचा पडदा पुसायचा. एरवीही पुसायचाच, पण तेव्हा जरा जास्त वेळ.

मग एकदा तिने स्वतःहून पूर्ण वाक्यं बोलून दाखवली. चकचक इतका हबकला की उभा होता तो बाकावर बसला.

"बाबा, आम्ही चौघं जण रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर एक गेम खेळतो. आपापल्या घरून. खेळता खेळता बोलताही येतं. आमच्यातल्या एकाने सोडलंय. तुम्ही याल का चौथे? नाही म्हणालात तरी चालेल. ऑफिसातल्या एकाचा चुलतभाऊ टपून बसलाय त्या जागेवर, पण महिनाभर मी ती धरून ठेवते."

"येतो," चकचक म्हणाला. कशात येतो, हे त्याने नंतर विचारलं.

बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने दारात उभं राहून जाहीर केलं, "मला गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाय."

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "अहो, बरं वाटतंय ना?"

"लेकीबरोबर खेळायचंय. बंदुका असतात म्हणे त्यात."

"कोणावर चालवायच्या?"

"ते अजून तिने सांगितलं नाही."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. ज्याच्या मोबाइलवरचा गजर आजही तीच लावून देते, त्या नवऱ्याच्या हाती ती मनातल्या मनात बंदूक देऊन बघत असावी. "ती बोलेल का पण खेळताना?" तिने शेवटी विचारलं. एवढा एकच प्रश्न कामाचा होता, आणि तो दोघांच्याही पोटात होता.

बातमी मेव्हण्यापर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नाही. मेव्हणा विमा कंपनीत आहे. मात्र त्याला जे जे कळतं ते सगळं विम्याच्या बाहेरचं आहे. त्याचा चष्मा डावीकडे झुकलेला असतो, आणि त्याच्या काचांवर जेवणापासून शाईपर्यंत सगळ्याचे ठसे असतात. चकचकने पुसून दिला तरी घरी पोचेपर्यंत तो पूर्वपदावर येतो.

"भावोजी, कॉम्प्युटरमध्ये खरी वस्तू एकच," तो चप्पल काढता काढता म्हणाला. "प्रोसेसर. मेंदू! बाकी सगळा पत्रा. मेंदूत काटकसर केली ना, की…" त्याने चकचककडे बघितलं आणि बहिणीकडे बघून वाक्य गिळलं.

पैसे होते ते नव्या घासचाकासाठी बाजूला ठेवलेले. जुनं चाक अजून चार दिवस ओढेल, असं ठरलं. किती होते हे सांगण्यात अर्थ नाही, कारण ते प्रत्येक दुकानात सारखेच अपुरे पडले. शेवटी तो आणि मेव्हणा बसस्टँडमागच्या एका अरुंद दुकानात शिरले. छतापर्यंत खोकी, मधोमध काउंटर, आणि काउंटरमागे चाळिशीची एक बाई हातात सोल्डरिंगची सळई धरून बसलेली. चकचकने आधी तिचा चष्मा बघितला. दांड्या कानांना अलगद टेकलेल्या, नाकावर वळ नाही, काचा आहेत की नाहीत अशी शंका यावी इतक्या स्वच्छ. त्याचं मन तिथेच बसलं.

तिने त्याचं बजेट ऐकलं आणि "हं" म्हणाली. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणतात तसलं हं. मग तिने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या.

"हा आठ कोरचा, हा सहा कोरचा. कोर म्हणजे आत काम करणारे कारागीर समजा."

"आठचा द्या," मेव्हणा म्हणाला. "बाराचा नाही का?"

"आहे. तो घेतलात तर बाकीचा कॉम्प्युटर पुढच्या वर्षी घ्यावा लागेल." तिने सळई खाली ठेवली. "काका, आठचा घेतलात तर ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत. पडद्यावर चित्र उमटवतं ते कार्ड. गेममध्ये कारागीर कितीही असू देत, चित्र काढणारा लंगडा असला तर सगळे हातावर हात धरून बसतात. सहाचा घ्या, उरलेले पैसे कार्डात घाला."

"म्हणजे मेंदू स्वस्तातला?" मेव्हण्याला धक्का बसला होता.

"मेंदू पुरेसा, डोळे चांगले," ती म्हणाली.

डोळे हा शब्द ऐकल्यावर चकचकच्या मानेची शीर हलली. आयुष्यभर त्याने हीच थट्टा बघितली होती : लोक भारी फ्रेम घेतात आणि तिच्यात बाजारातली सर्वांत फालतू काच बसवून मागतात, आणि मग अक्षरं फुटतात म्हणून फ्रेमला शिव्या घालतात. तरी तो एकदम हो म्हणाला नाही. त्याने मेव्हण्याच्या नाकावर बघितलं. मग बाईच्या नाकावर बघितलं. विषय तिथेच मिटला.

"सहाचा," तो म्हणाला.

"यातच एक अजून थोडा स्वस्त येतो," बाई म्हणाली. "त्याला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही, सगळं कार्डावर अवलंबून. कार्ड चालू आहे तोवर तुम्हाला फरक कळणार नाही."

"तोच द्या."

"भावोजी!" मेव्हणा म्हणाला. "आता आंधळाही चालेल?"

सगळं खोक्यात भरून झाल्यावर तिने विचारलं, "जोडून देऊ? त्याचे वेगळे पडतील." कितीचे वेगळे, ते ऐकून चकचकने तोंडाचा आ केला. स्क्रू फिरवायचे पैसे? त्याला? ज्याने मोहरीएवढे स्क्रू डोळे मिटून फिरवले, त्याला? "मीच जोडतो," तो म्हणाला.

"बरं. प्रोसेसरच्या पोटाला बोटं लावू नका. आणि हा पंखा, कूलर, त्याच्या डोक्यावर बसवायचा. नाहीतर तो तापतो. याला सगळं लावलेलंच आहे, तुम्हाला काही करायचं नाही."

हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. सगळं म्हणजे काय सगळं, हे मात्र तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

जोडणी दुकानातल्या बाकावर झाली. गिऱ्हाइकांना चष्मे उद्यावर सांगितले गेले. चकचकने प्रोसेसर त्याच्या खाचेत असा ठेवला की जणू काच फ्रेममध्ये बसतेय. न दाबता, न रेटता, आपल्या वजनाने. मग चकचकने कूलर हातात घेतला, उलटा केला, आणि दचकून जवळजवळ खाली टाकला.

कूलरच्या बुडाला, तांब्याच्या तकतकीत गोलावर, राखाडी रंगाचा चिकट लेप होता. जाडसर तीन पट्टे. कोणीतरी बोट पुसावं तसे.

"अगं ए! इकडे ये जरा!"

बायको ओल्या हातांनी धावत आली. "काय लागलं?"

"बघ. नवीन वस्तू. एवढे पैसे मोजून. आणि बूड पुसलेलं नाही!"

ती वाकून बघून म्हणाली, "शी! जेवून हात न धुता भरलेलं दिसतंय कोणीतरी." मेव्हण्यानेही मान डोलावली. आजच्या कारखान्यांत कशी माणसं भरतात यावर तो थोडा वेळ बोलला. या विषयावर तिघांचं एकमत झालं, आणि त्या घराच्या इतिहासात हे फारसं घडलेलं नाही.

चकचकने आधी उजव्या खिशातलं कापड काढलं. मग काच धुवायच्या बाटलीतले दोन थेंब. मग डाव्या खिशातलं कापड. तांबं असं उजळलं की त्यात त्याला स्वतःची मिशी दिसली, आणि मिशीतला एक पांढरा केसही. त्याने समाधानाने कूलर बसवला. चारी स्क्रू आळीपाळीने आवळले.

कॉम्प्युटर चालू झाला. पडदा उजळला. बायकोने लेकीचा शाळेतला फोटो लावायला सांगितला. तो लागला, आणि तिघंही त्याच्याकडे बघत बसली. मग चकचकने गेम सुरू केला. पडद्यावर डोंगर आले, धुकं आलं. खोक्यातला पंखा भुणभुणला, मग किंचाळायला लागला. डोंगर अडखळत सरकले. आणि सगळं काळं झालं.

पुन्हा चालू केलं. फोटो दिसला. गेम लावला, काळं. पुन्हा. चकचकने खोक्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"सहा जण होते, भावोजी," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. एखाद्याच्या घरी दुःखद बातमी कळवावी तसा. "सहाच्या सहा गेले. आठ असते तर…"

"तू गप रे," बहीण म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. "अहो, ती बाई चांगली होती ना?"

चकचकच्या पायाखालची जमीन सरकली होती ती पैशांमुळे नव्हे. ज्या कसोटीवर त्याने अख्खं जग पारखलं ती खोटी निघाली होती. इतक्या स्वच्छ चष्म्याची बाई खोटं बोलू शकते, तर मग उरलं काय?

लेकीने धरलेला महिना संपत आला होता; दुसऱ्या दिवशी शेवटचा रविवार. त्याने फोन लावला आणि अडखळत सांगितलं.

"राहू द्या मग, बाबा. जमत नसेल तर राहू द्या. मी त्या चुलतभावाला सांगते."

"थांब. उद्या चारला येतो मी."

"बरं."

"येतोच."

"बरं. ठेवते."

त्याच्या कानात पुन्हा ते दोन-तीन शब्दच राहिले. त्याने मोबाइल खाली ठेवला. पडदा पुसला नाही. हे बायकोने बघितलं, आणि ती खरी घाबरली ती तेव्हा.

रविवारी त्या बाईचं दुकान अर्धाच दिवस उघडं असतं. चकचक आणि मेव्हणा दार उघडायच्या आधीच पायरीवर होते. खोकं चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. आजारी मूल आणावं तसं ते दोघांनी आत नेलं.

"आठचा द्या," चकचक म्हणाला. "वरचा फरक माझ्याकडे नाही. त्याबदल्यात तुमच्या घरातल्या सगळ्यांचे चष्मे, आयुष्यभर."

"आमच्या घरात चष्मा फक्त मलाच आहे," बाई म्हणाली. "काय होतंय?"

"गेम लावला की मरतो. सहा कोर पुरत नाहीत त्याला," मेव्हण्याने निदान सांगितलं.

"कोर पुरत नसते तर गेम रांगला असता. मेला नसता." तिने खोकं उघडलं, चार स्क्रू काढले, कूलर उचलला आणि उलटा केला. तिने प्रोसेसरकडे बघितलं. पुन्हा कूलरकडे. तो दिव्याखाली तिरपा धरला. त्यात तिला तिचा स्वतःचा, अवाक् झालेला चेहरा स्पष्ट दिसला असणार.

"काका, इथे राखाडी काहीतरी होतं ना?"

"होतं!" चकचकला हुरूप आला. "मी काढलं. कारखान्यातली घाण तशीच ठेवली होती त्यांनी."

"इतका स्वच्छ कूलर मी आयुष्यात बघितला नाही."

"आभारी आहे."

"मी कौतुक करत नाहीये." तिने डोळे मिटून उघडले. "ती घाण नव्हती. ती पेस्ट होती. प्रोसेसरची उष्णता कूलरमध्ये चढते ती त्या पेस्टमधून. तीच तुम्ही पुसलीत."

मेव्हण्याने तोंड उघडलं, आणि कारखान्यातल्या माणसांवरचं आपलं भाषण आठवून मिटलं.

"पण दोन्ही बाजू सपाट आहेत," चकचक म्हणाला. "धातूला धातू टेकला होता. मध्ये काहीही नव्हतं."

"मध्ये हवा होती. हवा उष्णता जाऊ देत नाही. काका, तुम्ही काचा घासता ना? घासून चकचकीत केलेली काच भिंगाखाली कशी दिसते?"

कशी दिसते हे चकचकला तिच्याहून चांगलं माहीत होतं. भिंगाखाली सगळ्यांत गुळगुळीत काचेवरही दऱ्या असतात, ओरखडे असतात, डोंगर असतात. ही गोष्ट तो इतकी वर्षं रोज बघत होता, आणि बघून कापडाने पुसत होता.

"म्हणजे तो डाग…" तो म्हणाला.

"हवा होता," ती म्हणाली.

सहा कारागीर बिचारे शाबूत होते. नुसते घामाघूम होऊन वेळीच काम बंद करून बसले होते. बाईने खणातून एक बारीक नळी काढली आणि प्रोसेसरच्या चकाकत्या डोक्यावर राखाडी थेंब पिळला. वाटाण्याएवढा. चकचकने मान वळवली. सुई टोचताना लोक वळवतात तशी. त्याचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला, तो मेव्हण्याने वरच्या वर धरला. मेव्हण्याने त्या सगळ्या प्रकरणात केलेलं हे एकमेव उपयोगी काम होय.

"किती झाले?" चकचकने विचारलं.

"काही नाही. पण हे तुम्ही पुन्हा उघडणार नाही, असा शब्द द्या."

शब्द देऊन दोघं निघाले.

चारच्या जरा आधी बाकाभोवती तिघं बसली होती. कानाला लावायचे हेडफोन बजेटमध्ये बसले नव्हते. आवाज स्पीकरमधून सगळ्या खोलीत येणार होता. गेम लागला. डोंगर आले, धुकं आलं, पंखा भुणभुणला आणि भुणभुणतच राहिला. बायकोने खोक्यावर हात ठेवून बघितला. लेकराचा ताप बघावा तसा. "कोमट आहे," ती म्हणाली.

आणि मग स्पीकरमधून आवाज फुटला.

"ए गाढवांनो! डावीकडे कोण बघणार, मी? गेल्या रविवारी सांगून सांगून घसा बसला माझा! तू पुढे हो, तू गाडी आड लाव, आणि जो कोणी मला न विचारता पळेल त्याला मी स्वतः गोळी घालीन!"

बायकोने ओठाशी नेलेला कप परत बशीत ठेवला. मेव्हण्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि त्याने तो सावरला नाही.

"ही… आपलीच ना?" बायको कुजबुजली.

चकचक पडद्याकडे आ वासून बघत होता. हो, नाही, जेवले, ठेवते. हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होता हिने? दोन कमावते पुरुष पलीकडून मुकाट्याने "हो ताई", "लावतो ताई" म्हणत होते.

"बाबा, आलात?" तोच आवाज, जरा खाली उतरून.

"आलो."

"प्रोसेसर चालला?"

"चालला. मीच पुसला होता."

"काय पुसला होता?"

"ते मग सांगतो."

"बरं, आता ऐका. तुम्ही टेकडीवर बसा, हलू नका, आणि समोरच्या डोंगरावर नजर ठेवा. तुमच्याइतकी बारीक नजर आमच्यात कोणाचीच नाही. काही दिसलं तर सांगा."

चकचकने पाठ ताठ केली. लेकीने लहानपणीही बापाबद्दल इतकं चांगलं काही म्हटलेलं नव्हतं. तो बसला, हलला नाही, आणि पापणीही न लवता डोंगर बघत राहिला. सगळ्यांच्या आधी त्यालाच ते दिसलं.

"बाबा, तुमच्या बाजूला काही आहे का?"

"काही नाही. एक बारीक डाग आहे."

"कुठे?"

"डोंगराच्या टोकाला. थांब, पुसतो."

उजव्या खिशातलं कापड निघालं. पडद्यावर तो काळा ठिपका होता तिथे चकचकने हळुवार, गोलाकार हात फिरवला. ठिपका गेला नाही. त्याने फुंकर मारून पुन्हा पुसला. ठिपका डावीकडे सरकला. ज्या माणसाने आयुष्यभर डाग बघितले, त्याने सरकणारा डाग पहिल्यांदाच बघितला, आणि तो नीट बघायला पुढे वाकला असतानाच त्या डागाने त्याला गोळी घातली.

पडदा लाल झाला.

"बाबा," लेक सावकाश म्हणाली, "तुम्ही शत्रू पुसत होतात?"

आणि मग ती हसायला लागली. आधी दाबून, मग न दाबता, मग श्वास लागेपर्यंत. मध्येच ती इतरांना सांगू बघायची, "माझे बाबा ना… कापड घेऊन…" आणि पुन्हा कोसळायची. बायको बशी हातात धरून ऐकत राहिली. तिला रडू आलं की हसू हे तिच्या भावालाही कळलं नाही, आणि त्याला कळलं नाही असं क्वचितच होतं.

"चुलतभावाला सांगणार का आता?" चकचकने विचारलं. अगदी हळू.

"कोणाला? छे! जागा तुमचीच आहे, बाबा. फक्त डाग दिसला की पुसायचा नाही. मला ओरडून सांगायचं."

"प्रत्येक डाग?"

"प्रत्येक. आणि आता सांगा, प्रोसेसरचं काय पुसलंत? सगळं सांगा, आम्ही ऐकतोय."

त्याने सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण ती सारखे प्रश्न विचारत होती.

सबब, सदर इसमाची चौथ्या जागेवर, टेहळणीच्या कामी, नजरेच्या विशेष गुणवत्तेनुसार कायमस्वरूपी नेमणूक करण्यात आली आहे. दर रविवारी सगळ्यांत आधी तोच मरतो.